आत्या घरात पडली नव्हती

पोस्ट मोठी आहे. पेण, कासू, नागोठणे, रोहा या पट्ट्यातून रोज गाडीने नाहीतर एसटीने जा-ये करणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी आत्या गाडीतून उतरताना पडली आणि मी हॉस्पिटलात सांगितलं, की ती घरात पडली.

आत्या रोह्याची. तेव्हा तिचं वय ७१. आम्ही दोघं एका बारशाला निघालो होतो. रविवार होता, पॅसेंजर गाडी, डब्यात बऱ्यापैकी गर्दी. स्टेशन कुठलं ते लिहीत नाही, कारण मुद्दा त्या स्टेशनचा नाही, माझा आहे. मी दोन पिशव्या घेऊन आधी उतरलो. वळून तिला हात द्यायला गेलो तोवर गाडीने हिसका दिला आणि आत्या पायरीवरून थेट फलाटावर आडवी. कुणी ढकललं नाही, कुणाशी भांडण नाही. दोन पोरांनी तिला उचलून बाकावर बसवलं. त्यातला एक म्हणाला, "काका, स्टेशन मास्तरांना सांगून या." आत्याच आधी बोलली, "नको रे, माझाच पाय चुकला. उगाच लोक जमतात." मलाही तेच हवं होतं. रिक्षा केली आणि निघालो.

हॉस्पिटलात एक्स-रे निघाला. खुब्याचं हाड मोडलं होतं. काउंटरवर विचारलं, "कशा पडल्या? बाहेर अपघात झाला असेल तर एमएलसी करावी लागेल, पोलीस येऊन जबाब घेतील." पोलीस म्हटल्यावर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "घरातच. मोरीत पाय घसरला." केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. ऑपरेशन झालं, अर्धा बॉल बदलला. सगळं मिळून पावणेदोन लाख खर्च आला. आयुष्यभर पापड-कुरडया करून आत्याने साठवलेली एफडी त्यात मोडली. आता ती काठी घेऊन चालते. गाडीत बसत नाही.

गेल्या महिन्यात एका लग्नात शाळेतला मित्र भेटला. तो वकिली करतो. आत्याची काठी बघून त्याने सहज विचारलं, मी सगळं सांगितलं. त्याने तीन प्रश्न केले. तिकीट आहे का? स्टेशनवर नोंद आहे का? हॉस्पिटलच्या कागदावर हिस्ट्री काय लिहिली आहे?

तिकीट आत्याने रुमालाच्या गाठीत बांधलं होतं. हॉस्पिटलात कपडे बदलले तेव्हा तो रुमाल धुण्यात गेला. स्टेशनवर नोंद नाही. आणि हिस्ट्री मीच लिहून घेतलेली.

मित्र थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अरे, आत्याचा दावा उभा राहिला असता. तिची चूक आहे की नाही हे कुणी विचारलंही नसतं."

मला हे पटेना. पाय तिचा चुकला, मग रेल्वे पैसे का देईल? त्या रात्रीपासून मी यावर वाचायला लागलो. मी वकील नाही. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, अपघाती मृत्यूबद्दल वारसांना भरपाई मागता यावी म्हणून कायदा झाला. त्याआधीचं इंग्रजी तत्त्व असं, की माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर गेला. नव्या कायद्याने वारसांना हक्क दिला, पण अट ठेवली: समोरच्याची चूक सिद्ध करा. आता गावातल्या विधवेने रेल्वे कंपनीची चूक सिद्ध करायची म्हणजे काय, याची कल्पना करा.

हा भार पुढे टप्प्याटप्प्याने कमी झाला. आजच्या रेल्वे कायद्यात, म्हणजे १९८९ च्या कायद्यात, दोन कलमं महत्त्वाची आहेत. कलम १२४ गाडीच्या अपघाताचं: टक्कर झाली, गाडी रुळावरून घसरली, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. आणि कलम १२४-अ, जे १९९४ मध्ये आलं. चालत्या गाडीतला दरोडा, दहशतवादी हल्ला यांच्यासोबत त्यात एक साधी गोष्ट घातली: प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं. तिथेही चुकीचा प्रश्न नाही. फक्त पाच अपवाद आहेत. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली गोष्ट, आणि नैसर्गिक आजार. यात "निष्काळजीपणा" हा शब्द कुठेच नाही.

रेल्वेने हा शब्द आत आणायचा बराच प्रयत्न केला. २००८ मध्ये केरळातल्या वर्कला स्टेशनवरचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. गाडीत चढताना पडून एक बाई गेली होती. रेल्वे म्हणाली, ती गाडीत नव्हतीच, चढत होती, म्हणजे ती "गाडीतून पडली" असं होत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. चढता-उतरताना पडणं हेसुद्धा गाडीतून पडणंच, आणि ही जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही, असं सांगितलं. २०१० मध्ये उघड्या दारात उभ्या असलेल्या माणसाचं प्रकरण आलं. दारात उभं राहणं निष्काळजीपणाचं असेल, पण ते गुन्हेगारी कृत्य नव्हे, म्हणून भरपाई नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. २०१८ च्या निकालाने तिकिटाचा प्रश्न मोकळा केला. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असं ठरत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकिकत सांगायची, आसपासचे पुरावे द्यायचे, मग ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर येते.

म्हणजे "माझाच पाय चुकला रे" हे आत्याचं वाक्य कायद्याच्या दृष्टीने तिच्या आड येत नव्हतं. आड आलं ते माझं वाक्य. "मोरीत पाय घसरला."

आता आपल्या भागाकडे या. ४ मे २०१४ चा रविवार रोह्यात, नागोठण्यात कुणी विसरलेलं नाही. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर निडीजवळ घसरली. वीसच्या आसपास माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. आसपासच्या गावांतले लोक मिळेल त्या गाडीने जखमींना हलवत होते. त्या दिवशी हॉस्पिटलात कुणी विचारलं नाही की तुम्ही कुठे पडलात. जखमींच्या याद्या झाल्या, पंचनामे झाले, मदत जाहीर झाली, रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी लागली.

मोठ्या अपघाताची नोंद सरकार करतं. एकट्या माणसाच्या पडण्याची नोंद त्याला स्वतःलाच करून घ्यावी लागते. हक्क दोघांचाही आहे. निडीला जो डब्याखाली सापडला त्याचा, आणि एखाद्या मंगळवारी दुपारी छोट्या स्टेशनवर पायरीवरून घसरलेल्या म्हातारीचाही. पहिल्याचा कागद आपोआप तयार होतो, दुसरीचा होत नाही. आणि आपण, घरचे लोक, "कशाला झंझट" म्हणून तो होऊ देत नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात काहींचा जीव गेला. आपली रोह्याची गाडी दिव्याला जाते, त्यामुळे त्या गर्दीत आपल्याकडचीही पोरं रोज असतात. त्या दिवशी आपल्याच ग्रुपवर लोक लिहीत होते, "लटकायचं कशाला? मरायची हौस." मीही एकाला अंगठा दिला होता, आता लाज वाटते. ज्याला नोकरीवर पोहोचायचंय आणि आत पाय ठेवायला जागा नाही, त्याच्या लटकण्याला हौस म्हणायचं? कायदा आपल्यापेक्षा शहाणा निघाला. तो एवढंच विचारतो: हा प्रवासी होता का, आणि पडला का?

मात्र सगळंच यात बसत नाही, हेही सांगायला हवं. फलाटाच्या ओल्या फरशीवरून किंवा जिन्यावरून घसरलात, तर ते "गाडीतून पडणं" नाही. तिथे या कलमाचा आधार नाही. वेगळा दावा करून कुणाचा तरी हलगर्जीपणा दाखवावा लागतो, ते लांबचं काम. आणि रूळ ओलांडताना गाडीने उडवलं तर तो प्रवासातला अपघात धरत नाहीत. रूळ ओलांडणं हाच कलम १४७ खाली गुन्हा आहे. आपल्या छोट्या स्टेशनांवर पूल चढायचा कंटाळा करून आपण किती जण रुळांवरून जातो, ते ज्याने त्याने आठवावं.

रक्कम किती? रेल्वेच्या नियमांना परिशिष्ट जोडलेलं आहे. मृत्यूला ८ लाख, १ जानेवारी २०१७ पासून. त्याआधी ४ लाख होते. खाली एकेक अवयव, एकेक हाड आणि त्याच्यापुढे आकडा. वाचताना कसंतरी होतं, पण त्याचा एक फायदा आहे. मजूर असो की मॅनेजर, हाडाचा दर एकच. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. मुदत एक वर्षाची. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं. ऑनलाइन आरक्षित तिकीट काढताना काही पैशांत १० लाखांचा जो विमा मिळतो, तो वेगळा. पॅसेंजरच्या साध्या तिकिटाला आणि पासाला तो नाही. म्हणून आपल्यासारख्यांना हे १२४-अ जास्त महत्त्वाचं.

एसटीचं गणित उलटं आहे. आत्या तशीच, त्याच दिवशी, एसटीच्या पायरीवरून पडली असती, कंडक्टरने डबल बेल दिली आणि गाडी हलली असती, तर दावा मोटार वाहन कायद्याखाली अपघात दावा न्यायाधिकरणात गेला असता. तिथे कलम १६६ खाली पूर्ण भरपाई मागायची तर ड्रायव्हर-कंडक्टरचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. तो दाखवता आला, तर रक्कम वय, उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं यांवर ठरते आणि रेल्वेच्या आकड्यापेक्षा खूप मोठी होऊ शकते. चूक न दाखवता मिळणारा मार्गही आहे, कलम १६४. एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो, अपघात कुठेही झालेला असो. पण नव्या दुरुस्तीने मुदत सहा महिन्यांची केली आहे. त्या मुदतीविरुद्ध वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे, तरी आपण सहा महिने धरूनच चालावं.

शिवाय २०१६ पासून एसटीच्या तिकिटात अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया असतो. प्रवासात मृत्यू झाला तर वारसांना १० लाखांपर्यंत मदतीची त्यात तरतूद आहे. हा रुपया आपण प्रत्येक फेरीला भरतो. किती जणांना माहीत आहे?

चूक कुणाची, या प्रश्नावर सगळं टांगून ठेवलं तर काय होतं, हे रायगडने त्याच वर्षी पाहिलं. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल. पुलाबरोबर दोन एसट्या वाहून गेल्या. ड्रायव्हरची काय चूक? समोर रस्ता आहे म्हणून तो पुढे गेला. प्रवाशांची काय चूक? ते झोपले होते. मग चूक पुराची, की जुन्या पुलाची, की तो वापरात ठेवणाऱ्यांची? चौकशीचे अहवाल येतील तेव्हा येतील. घरी वाट बघणाऱ्याला त्या उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबवणं बरोबर नाही. म्हणून "आधी द्या, चूक नंतर शोधा" हे तत्त्व मला आता पटतं. ती दया नाही. रोज लाखो माणसं वाहून नेणाऱ्या व्यवस्थेत काही माणसं पडणार हे गृहीत आहे. तो खर्च तिकीट काढणाऱ्या सगळ्यांनी मिळून उचलायचा, की जो पडला त्याने एकट्याने एफडी मोडून, एवढाच प्रश्न आहे.

आता परत माझ्याकडे येतो. हे सगळं कळल्यावर एका ओळखीच्या माणसाने मला सुचवलं, "केसपेपर बदलून आणू. दोन साक्षीदार उभे करू. तुझी हकिकत तर खरीच आहे." दोन रात्री मी त्यावर विचार केला हे कबूल करतो. हकिकत खरी होतीच. पण खऱ्या हकिकतीसाठी खोटा कागद करायचा? पाटण्याच्या न्यायाधिकरणात खोट्या रेल्वे दाव्यांचं प्रकरण सीबीआय आणि ईडीपर्यंत गेलं. असा एक खोटा दावा झाला, की पुढच्या शंभर खऱ्या माणसांकडे संशयाने बघतात. एकदा खोटं बोलून मी आत्याचं नुकसान केलंच होतं. दुसऱ्यांदा बोलून दुसऱ्या कुणाच्या आत्याचं करायचं नव्हतं.

वकील मित्राने सांगितलेला सरळ मार्ग असा: उशीर माफ करण्याचा अर्ज द्यायचा, मी प्रतिज्ञापत्रावर लिहायचं की हॉस्पिटलात मी चुकीची माहिती दिली आणि का दिली, आणि जमलं तर त्या दोन पोरांना शोधायचं. टिकेल का? तो म्हणाला, "कठीण आहे. तुझ्याच दोन गोष्टींतली खरी कुठली, हे ते तुलाच विचारणार." बरोबर आहे त्यांचं. तरी मी अर्ज करणार आहे.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये. आलीच, तर एवढं करा:

१. माणसाला आधी दवाखान्यात न्या. पण सोबतच्या एकाने स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वे पोलिसांना तेव्हाच सांगून नोंद करून घ्या. कुणी भेटलं नाही तर १३९ वर फोन करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

२. हॉस्पिटलात खरं सांगा. "गाडीतून उतरताना पडल्या" हे शब्द केसपेपरवर आलेच पाहिजेत. एमएलसीला घाबरू नका. तो गुन्हा नाही, ती नोंद आहे.

३. तिकीट, पास जपा. लगेच फोटो काढा. मोबाइलवरचं तिकीट असेल तर स्क्रीनशॉट ठेवा.

४. ज्यांनी उचललं त्यांचं नाव, फोन घ्या. आभार मानायलाही तो उपयोगी पडतो.

५. एसटी असेल तर गाडीचा नंबर, वेळ, तिकीट, आणि कंडक्टरकडून डेपोला कळवलं गेलं का ते बघा. रस्त्यावरच्या अपघाताला मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: ठरलेल्या हॉस्पिटलात पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचार. तेही विचारा.

६. तारीख कॅलेंडरवर लिहा. रेल्वेला एक वर्ष, रस्त्याला सहा महिने.

ही पोस्ट टाकण्याआधी आत्याला वाचून दाखवली. तिचं मत बदललेलं नाही. "पडले मी, पैसे त्यांनी कशाला द्यायचे?" मी परत समजावलं, की तिकीट काढलं होतंस ना, त्यातच ते आलं. ती काठीवर हनुवटी टेकवून थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "पैशांचं राहू दे. पण मी मोरीत पडले असं लिहिलंय, ते आधी बदलून घे. माझी मोरी कधी निसरडी नव्हती."

अर्जात पहिलं वाक्य तेच लिहिणार आहे. तुम्हाला यातलं काही उपयोगी वाटलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांनाच जास्त वाटतं, की आपण पडलो म्हणजे आपलंच चुकलं.